नीडल फेल्टिंग शिकायला क्लास लावावा, की व्हिडिओ पाहून जमेल?

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवारचा क्लास आहे, फी दोन हजारांच्या वर आहे, व्हिडिओ तर फुकट बघायला मिळतात, आणि तुमचा हात कलेचा नाही. तीन वर्षांपूर्वी मी अगदी अशीच अडून बसले होते. म्हणून उत्तर आधी सांगते: क्लास लावा. एकाच दिवसाचा असला तरी लावा. कारण जरा लांबलचक आहे, पण ते नीट सांगावंसं वाटतंय.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यात विणकाम नाही, दोराही नाही. सुटी लोकर घ्यायची आणि खाचा असलेल्या सुईने ती टोचत राहायची. टोचता टोचता लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात, आवळत जातात, आणि त्यातून पक्षी, मेंढी, फळ, हवं ते घडतं. काश्मीरचा किंवा राजस्थानातल्या टोंकचा नमदा तुम्ही पाहिला असेल. तोही न विणता केलेला असतो, पण त्यात लोकर साबणाच्या पाण्याने भिजवून, दाबून, लाटून बसवतात. आपल्या कामात पाणी लागत नाही, सगळं सुईवर. या सुया मुळात कारखान्यातल्या यंत्रांच्या. 1980 च्या दशकात अमेरिकेत काही कारागिरांनी त्यातली एकेक सुई हातात धरून वस्तू घडवायला सुरुवात केली. पुढे जपानात याची मोठी आवड निर्माण झाली, आणि आज आपण जे इवलेसे गोजिरवाणे प्राणी बघतो ते बरेचसे त्या वळणाचे आहेत.

मी सुरुवात व्हिडिओ पाहूनच केली. ऑनलाइन एक किट मागवलं आणि दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की बसायचे. मला चिमणी करायची होती. चिमणी दिसायला चांगली व्हायची. पण हातात घेतली की दबायची, दोन दिवसांत चोच डुगडुगायला लागायची आणि आठवड्यात सगळ्या अंगावर कुसळं उभी राहायची. व्हिडिओ परत परत पाहिला. त्यातली बाई करत होती तेच मी करत होते, निदान मला तरी तसंच दिसत होतं.

मग क्लासला गेले. आम्ही सहा जणी होतो. पहिला अर्धा तास ताईंनी कुणाच्या हातात सुई दिलीच नाही. त्यांनी लिंबाएवढे चार गोळे काढले आणि म्हणाल्या, डोळे मिटा आणि एकेक गोळा अंगठ्याने दाबून पुढे द्या.

पहिला गोळा पावासारखा दबला. दुसरा नुकत्याच मळलेल्या कणकेसारखा होता, अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहायचा. तिसरा मात्र फसवा होता. वरून घट्ट लागायचा, पण जरा जोर दिला की साल वेगळी आणि आतलं वेगळं असं सरकायचं, आत सुकून गेलेल्या मोसंब्यासारखं. चौथा गोळा चांगल्या खोडरबरासारखा होता. किंचित दबायचा आणि बोट काढलं की लगेच भरून यायचा. ताई म्हणाल्या, "हा चौथा लक्षात ठेवा. याच्या अलीकडे थांबायचं नाही."

माझी दोन महिन्यांची चिमणी तिसऱ्या गोळ्याच्या जातीची होती. मी वरून हजारदा टोचलं होतं, पण सुई आत गाभ्यापर्यंत पोचतच नव्हती. वरचा थर आवळत गेला आणि आत सगळं भुसभुशीत राहिलं. सुरुवातीला सुई खोलवर घालायची, वस्तू सारखी फिरवत सगळ्या बाजूंनी गाभा आवळून घ्यायचा, आणि वरवरचं टोचणं शेवटी ठेवायचं. हे वाक्य व्हिडिओतही असतं हो. पण त्या चार गोळ्यांनी अंगठ्याला जे कळलं ते कुठल्याच पडद्यावरून कळलं नसतं.

आवाजाचंही तसंच. लोकर सैल असते तेव्हा सुई मुकाट आत जाते. गाभा भरत आला की प्रत्येक टोच्याला बारीक करकर ऐकू येते, कोरडी साखर चमच्याने दाबावी तशी. ताई आमच्या मागून फिरताना वाकून बघायच्या नाहीत, नुसत्या ऐकायच्या आणि "तुमचं पोट अजून कच्चं आहे" असं सांगायच्या. व्हिडिओत हा आवाज बहुतेक वेळा मागच्या गाण्याखाली दबलेला असतो.

आता लोकरीबद्दल, कारण इथे पैसे वाया जातात. आपल्याकडे दुकानात स्वेटर विणायला जी मिळते तिला आपण सर्रास लोकर म्हणतो, पण ती बहुतेक ॲक्रिलिक असते. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात आणि तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यामुळे एकदा गुंतलेले तंतू सहसा सुटत नाहीत. ॲक्रिलिकला ते खवले नाहीत. कारखान्यात कृत्रिम तंतूही सुयांनी टोचून चटया करतात, नाही असं नाही, पण तिथे यंत्राला एका वेळी हजारो सुया असतात. घरी एका सुईने ते करत बसलात तर मनगट दुखेल आणि वस्तू पुन्हा उलगडत राहील. शंका आली तर चार तंतू चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

खऱ्या लोकरीतही दोन प्रकार लक्षात ठेवा. विंचरलेली लोकर लांब पट्टीसारखी मिळते, सगळे तंतू एका दिशेने, केस विंचरल्यासारखे. पिंजलेली लोकर कापसाच्या पेळूआधीच्या थरासारखी असते, तंतू आडवेतिडवे. पिंजलेली लवकर बसते, म्हणून गाभ्याला ती घ्यावी. विंचरलेली मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची तलम लोकर, मऊ आणि रंगांत सुरेख मिळते, ती वरच्या थराला. किटमध्ये बहुधा नुसती मेरिनोच असते, आणि तिचाच गाभा करत बसल्यामुळे माझे महिने गेले. लोकर कात्रीने कापू नका, दोन हातांत अंतर ठेवून हलकेच ओढा, ती आपोआप सुटते. हात जवळजवळ धरून ओढलीत तर दोन्ही हातांत एकाच तंतूची टोकं येतात आणि लोकर तसूभरही हलत नाही.

सुयांना नंबर असतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. 36 नंबरची जाड सुई आकार देण्यासाठी, 38 मधल्या कामाला, 40 शेवटच्या सफाईला. सुईच्या कडांवर खालच्या टोकाकडे बारीक खाचा असतात. आत जाताना त्या तंतू ओढून नेतात, बाहेर येताना सोडून येतात. बोट फिरवून बघायचा मोह होईल, तो आवरा. सुई ज्या कोनात आत घातली त्याच कोनात बाहेर काढायची, हा एक नियम पाळलात तर सुया तुटत नाहीत. आत असताना सुईने उचकटायला गेलं की टोक कट्कन मोडतं आणि वस्तूच्या आतच राहतं. माझ्या चार मोडल्या. पहिल्या दिवशी ताईंनी माझं मनगट धरून दहा टोचे स्वतः घातले, तेव्हा समजलं की मी दर टोच्याला मनगट किंचित वळवत होते. हे मला माझं मला कधीच दिसलं नसतं. त्यानंतर वर्षभरात एकच सुई मोडली.

बोटाला टोचेल. सगळ्यांनाच टोचतं, आणि खाचांमुळे साध्या सुईपेक्षा जास्त झोंबतं. अंगठा आणि तर्जनीला घालायच्या चामड्याच्या टोप्या मिळतात, त्या घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. टीव्ही बघत हे काम करू नका, नजर सुईवरच हवी. खाली ठेवायला स्पंज मिळतो, पण जाड कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून तोंड शिवून टाकलं तरी उत्तम काम होतं. मी तीच वापरते. वस्तू मात्र सारखी उचलून फिरवत राहा, नाहीतर ती खालच्या पिशवीलाच चिकटते.

हात कलेचा नसण्याबद्दल. आमच्या सहा जणींत एक आजी होत्या, त्र्याहत्तर वर्षांच्या, आयुष्यात कधी चित्र काढलं नव्हतं. त्यांचा गोळा सगळ्यांत आधी खोडरबरासारखा झाला. पोळ्या लाटून आणि लाडू वळून त्यांच्या हाताला घट्ट-सैल आधीच कळत होतं. चिमणीची मान थोडी वाकडी झाली तर वरून चिमूटभर लोकर लावून टोचता येते, दगडात किंवा लाकडात ही सोय नाही. चूक भरून काढता येते अशी ही कला आहे, त्यामुळे घाबरू नका. वेळ मात्र द्या. अंड्याएवढ्या पक्ष्याला मला आजही तीन-चार तास लागतात.

फी भरण्याआधी मात्र चौकशी करा. किती जणी असतात? आठ-दहाच्या वर असतील तर तुमचं मनगट धरायला ताईंना वेळ मिळणार नाही. पहिल्याच दिवशी कुत्र्याचा हुबेहूब चेहरा करून घरी न्या असं सांगत असतील तर मी जाणार नाही. त्यात बरंचसं काम आधीच करून ठेवलेलं असतं आणि शिकणारीच्या वाट्याला डोळे लावणं येतं. गोळा, मग अंड्याचा आकार, मग दोन तुकडे जोडणं, या क्रमाने शिकवत असतील तर डोळे मिटून पैसे भरा. जोडताना एका तुकड्याच्या टोकाला लोकर मोकळी ठेवायची असते आणि ती दुसऱ्यात टोचून बसवायची असते. माझी डुगडुगणारी चोच इथेच सुधारली.

एक गोष्ट क्लासनंतर कळली, तीही सांगते. माझं माहेर फलटणकडचं. आमच्या रानात दरवर्षी मेंढ्या बसतात आणि धनगर मंडळींशी आमचा जुना घरोबा. ही आपली दख्खनी मेंढी, काळी, करडी, तपकिरी. त्यांची लोकर राठ, अंगाला टोचणारी. पूर्वी सगळी घोंगडीला जायची, आता घोंगड्याच कमी खपतात. कातरणाऱ्याला जेवढे द्यावे लागतात तेवढेही लोकरीचे येत नाहीत, असं तिथल्या मावशींनी सांगितलं. मी पिशवीभर लोकर मागून आणली. काटे, कुसळं वेचली, रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवली. चोळली की तिथेच गुठळी होते, म्हणून हात लावायचा नाही. वाळल्यावर कुत्र्याचे केस विंचरायच्या दोन तारेच्या ब्रशांनी पिंजली. गाभ्याला ही लोकर मेरिनोपेक्षा कितीतरी लवकर बसते. वरच्या थरावर राठ केस उभे राहतात, त्यामुळे नाजूक चेहऱ्याला नाही चालणार. पण कावळा, म्हैस, मेंढी यांना रंगही लागत नाही, तो अंगचाच असतो.

त्यातून एक काळा मेंढा केला आणि पुढच्या खेपेला मावशींना नेऊन दिला. त्यांनी शिंगं बघितली नाहीत, डोळे बघितले नाहीत. आधी अंगठ्याने पोट दाबलं आणि म्हणाल्या, "आत गच्च बसलंय की!" मग तो त्यांनी सुनेच्या हातात दिला, तिनेही पोटच दाबलं.

तयार वस्तूंना कसर लागते, हे कुणी आधी सांगत नाही. पावसाळ्याआधी ऊन दाखवा आणि बंद डब्यात ठेवणार असाल तर डांबराची गोळी टाका.

तुमच्या क्लासमध्ये कोणती लोकर देतात ते विचारून इथेच खाली लिहा. नुसती विंचरलेली मेरिनो देणार असतील तर गाभ्यासाठी काय बरोबर न्यायचं ते मी सांगते. शनिवारच्या आत विचारलंत तर बरं.