पुढची पडली तेव्हा तू कुठे होतीस?

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला. डेहराडूनच्या बर्फावरची तुझी शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची पहिली 500 मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक शर्यत, साडेचार फेऱ्यांतल्या दोन होतात न होतात तोच पुढची मुलगी घसरली आणि तुला घेऊन कठड्याच्या गादीवर गेली. ‘सर, माझं काहीच चुकलं नव्हतं, मग शर्यत माझी का गेली?’ असं विचारलंस. तुझा राग मला कळतो. आधी खांदा डॉक्टरांना दाखव. मगच पुढचं वाच.

तू पाठवलेला व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. ती घसरली त्या क्षणी तू तिच्या उजव्या खांद्याला लागून होतीस, म्हणजे बाहेरच्या बाजूला, आणि तेही वळणात शिरताना. आपण डावीकडे वळतो. पकड सुटली की माणूस बाहेरच फेकला जातो, थेट गादीकडे. तिचा घसरण्याचा रस्ता आधीच ठरलेला होता आणि तू नेमकी त्या रस्त्यावर होतीस. बाहेरून ओलांडायला माझी ना नाही, पण तसं करायचं तर सरळ पट्ट्यात वेग लावून पूर्ण पुढे निघायचं. निम्मं ओलांडून वळणभर शेजारी लोंबकळत राहणं, यासारखी वाईट जागा या खेळात नाही.

इनलाइनवर, म्हणजे चाकांच्या स्केट्सवर, तुला हे शिकवायची वेळच आली नाही, कारण आपला ट्रॅक 200 मीटरचा आणि वळणावर उचललेला. इथे 60 बाय 30 मीटरच्या रिंकवर 111.12 मीटरची फेरी बसवलेली असते आणि बर्फ सपाट. सरळ पट्टा सुरू झाला म्हणेपर्यंत पुढचं वळण येतं. म्हणून तर ब्लेड बुटाच्या मधोमध नसतं. ते डावीकडे सरकवलेलं आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं असतं. डाव्या हातमोज्याच्या बोटांना कडक टोप्या असतात त्याही वळणात बर्फावर हात टेकण्यासाठीच. तू अजून हात टेकायला बिचकतेस, तेही व्हिडिओत दिसलं.

पंचांनी स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यात का घेतलं नाही, हाही तुझा प्रश्न आहे. पुढे जाण्याच्या स्थानावर असताना कुणी नियम मोडून आडवं आलं, तर पंच पुढे घेऊ शकतात. ती मुलगी कुणाला अडवायला गेली नव्हती, आपली आपणच घसरली. यात अन्याय झालेला नाही, हे मनाशी पक्कं कर.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकची 1000 मीटरची अंतिम शर्यत तू पाहिली असशीलच. शेवटच्या वळणावर पुढचे चौघे कोसळले आणि मागून आलेला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी उभ्यानेच सुवर्ण घेऊन गेला. दक्षिण गोलार्धातल्या कुठल्याही देशाचं ते हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. मी ही गोष्ट कितीतरी वर्षं मुलांना नशिबाची म्हणून सांगत आलो. ती माझी चूक होती आणि ती तुझ्यापर्यंत पोचू नये असं मला मनापासून वाटतं. 1994 मध्ये एका शर्यतीत दुसऱ्याचं ब्लेड त्याच्या मांडीत घुसलं होतं, 111 टाके पडले होते. 2000 मध्ये सरावात मान मोडली. 28 व्या वर्षी एकाच रात्री एकामागून एक शर्यतींत त्या चौघांचा वेग आपल्याला झेपणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. त्यामुळे घोळक्यात घुसायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. ते अंतर त्याने हिशेबाने राखलं होतं.

त्याच शर्यतीतली दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते आणि ती फारसं कुणी सांगत नाही. रौप्य अमेरिकेच्या अपोलो ओनोला मिळालं, कांस्य कॅनडाच्या मॅथ्यू तुर्कोतला. दोघेही पडलेले! पडल्या पडल्या ते धडपडत रेषेकडे झेपावले. ओनोची तर मांडी कापली होती. आता तुझा व्हिडिओ पुन्हा लाव. तू गादीला टेकून बसलीस आणि ती मुलगी उठते का, हे पाहत राहिलीस. चांगल्या मनाची आहेस, पण तिच्याकडे बघायला रिंकवर माणसं असतात. मागची एक त्याच फेरीत अडखळली होती. तू उठली असतीस तर कदाचित तिसरी आली असतीस.

2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, कोरियातल्या गँगन्युंगला, 3000 मीटर रिलेच्या उपांत्य फेरीत कोरियाची ली यू-बिन सुरुवातीच्याच फेऱ्यांत पडली. पडलेल्या अवस्थेत तिने हात पुढे केला, चोई मिन-जोंगने तो शिवला आणि निघाली. कोरिया त्या शर्यतीत पहिला आला, तोही ऑलिंपिक विक्रमासह. असा हात ऐनवेळी सुचत नाही. पडायचाही सराव लागतो, आणि तो मी तुझ्याकडून करून घेतला नाही.

तेव्हा आता रोज सरावाच्या शेवटी दहा वेळा मुद्दाम पड. गुडघा छातीशी, ब्लेडं हवेत न उडवता गादीच्या दिशेने, पाठ आधी. आणि दहाही वेळा उठून एक सरळ पट्टा पूर्ण वेगात. मागून जाताना समोरचीचे बूट बघू नकोस, तिच्या पुढचीची कंबर बघ. गडबड आधी तिथे दिसते.

आणखी एक. दोन हीटच्या मधे ते बादलीने वळणावर पाणी ओततात, वळण दाखवणारे काळे ठोकळे थोडे सरकवतात. तेवढ्या वेळात तू मोबाईलमध्ये असतेस, असं तुझ्या आईने सांगितलं. बर्फ कुठे उकरलाय ते तेव्हाच दिसतं, तेव्हा बाकावरून उठून कठड्याशी उभी राहत जा.

ब्लेडला खाच पडली असेल तर जिगवर, म्हणजे धार लावायच्या पकडीत, लावून फोटो काढ आणि पाठव, मी बघितल्याशिवाय धारेचा दगड फिरवू नकोस. रविवारी सकाळी सातला फोन कर, बॅचच्या आधी मी मोकळा असतो.

तुझे,
सर