तीव्र विद्युतक्षेत्रात द्रवाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक

प्रश्न : पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतक्षेत्र पाण्यात किती पटींनी क्षीण होते ते सांगणारा आकडा, सुमारे ८० असतो. विद्युतक्षेत्र कितीही वाढवले तरी तो तेवढाच राहतो का?

उत्तर : नाही. पाण्याचा रेणू द्विध्रुव असतो, म्हणजे त्याचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण भाराचे असते; क्षेत्र त्याला आपल्या दिशेने वळवू पाहते आणि उष्णतेमुळे होणारी धडपड ती रचना सतत विस्कटत राहते. मीटरला १ कोटी व्होल्ट इतक्या क्षेत्रातही एका रेणूला वळवणारी ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या जेमतेम दीड टक्का भरते, म्हणून तोवर स्थिरांक जवळजवळ ढळत नाही. क्षेत्र त्याच्या शंभरपट झाले, की बहुतेक रेणू आधीच वळलेले असल्याने वाढीव क्षेत्राला प्रतिसाद देण्यास फारसे कोणी उरत नाही आणि स्थिरांक घसरू लागतो. यालाच डायइलेक्ट्रिक संपृक्तता म्हणतात. इलेक्ट्रोडांमध्ये एवढे क्षेत्र निर्माण करू गेल्यास पाण्यात आधीच ठिणगी पडते. मात्र विरघळलेल्या आयनाला चिकटून असलेल्या थरात ते सहज आढळते, त्यामुळे तेथे ८० हा आकडा वापरणे चुकीचेच ठरते.

सर्वच द्रव असे वागत नाहीत, आणि माझ्या मते खरी गंमत येथेच आहे. शुद्ध नायट्रोबेंझिन या सेंद्रिय द्रवामध्ये तीव्र क्षेत्रात स्थिरांक उलट वाढतो, हे पोलिश भौतिकशास्त्रज्ञ पिएकारा यांनी १९३०च्या दशकात दाखवले. शेजारच्या रेणूंचे द्विध्रुव विरुद्ध दिशांना तोंड करून एकमेकांचा परिणाम पुसतात. क्षेत्र ही जुळणी मोडते आणि मोकळे झालेले द्विध्रुव क्षेत्राला प्रतिसाद देऊ लागतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

तीव्र क्षेत्रातील स्थिरांकाचे मापन विद्युतदाबाच्या अतिशय अल्पकाळाच्या स्पंदांनी करावे लागते, कारण प्रवाहाने द्रव तापला तरीही स्थिरांक घटतो आणि ती घट संपृक्ततेची वाटू शकते.