माळ हातात आणि डोळा लागतो

चर्चच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. नाताळच्या गोठ्याचं सामान आणि मोडक्या खुर्च्या तिथंच ठेवतात. त्याच खोलीत मी समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दुपारी बसते. लोक नवऱ्याची दारू, मुलाची नोकरी, जावयाचा स्वभाव असं काय काय घेऊन येतात. पण एक वाक्य बहुतेक वेळा अगदी शेवटी येतं, उठून चप्पल घालताना: "ताई, हल्ली प्रार्थनेत मनच लागत नाही. देव लांब गेल्यासारखा वाटतो." आणि माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मी एखादी गोळी लिहून देणार आहे.

ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांना वहिनी म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायची मुभा त्यांनीच दिली. माहेर श्रीरामपूरकडचं. लहानपणापासून दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला जाणाऱ्या. इंदूरला लग्न होऊन आल्या त्याला 25 वर्षं झाली, आणि आता त्यांची मराठीसुद्धा इंदुरी झाली आहे: "मी माळ म्हणून राहिली असते आणि झोप येऊन जाते." माळ म्हणजे रोझरी, मारिया मातेची जपमाळ; तिच्यातल्या दहा-दहा प्रार्थनांच्या एका गटाला दशक म्हणतात. नवरा पीथमपूरला कारखान्यात, पाळीची नोकरी. वहिनी घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "हं" आणि "नको" एवढेच शब्द उरले, तेही कुठल्याही जागी पडायचे. पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको.

वहिनी पहिल्यांदा आल्या तो फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. 25 फेब्रुवारीला आमच्याकडे धन्य राणी मारियांच्या स्मरणार्थ मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, असते. 'धन्य' ही संतपदाच्या आधीची पायरी. 1995 साली त्याच दिवशी उदयनगरहून इंदूरकडे येताना या सिस्टरला, म्हणजे जोगिणीला, बसमधून खाली ओढून मारलं गेलं. 2017 च्या नोव्हेंबरात इथंच इंदुरात त्यांना धन्य घोषित केलं, तेव्हा केवढी गर्दी लोटली होती. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं मारेकऱ्याला माफ केलं आणि राखी बांधली, हे तर इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. फादरांनी प्रवचनात तेच सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, "कुठं त्या, आणि कुठं मी. पाच दशकांची माळ मला पुरी होत नाही. तिसऱ्या दशकात डोळा लागतो. दर महिन्याला कन्फेशनमध्ये, फादरांपुढं पापं कबूल करताना, हेच सांगते, आणि परत तेच. देवाला माझा कंटाळा आला असेल."

आता माझी चूक सांगते. हे दुखणं मी इतक्यांदा ऐकलं आहे की ऐकता ऐकताच उत्तर तयार झालं. त्यांना मी वेळापत्रक दिलं. पहाटे सहाला पंधरा मिनिटं शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) वाचायचं, दुपारी बाराला दोन मिनिटं थांबायचं, संध्याकाळी माळ एकदम न म्हणता दोन हिश्शांत. वाईट काहीच नव्हतं त्यात. मी स्वतः तसंच करते.

दोन आठवड्यांनी त्या मापांची वही घेऊन आल्या. डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं, छाती 36, कंबर 32, बाही 10, आणि उजव्या पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने. पूर्ण झालं तिथं बरोबरची खूण, राहिलं तिथं लाल फुली. पहिल्या तीन दिवसांनंतर सगळं पान लाल. वही माझ्यापुढं सरकवताना त्यांचा चेहरा निकाल दाखवणाऱ्या मुलीसारखा होता. जी बाई आधीच स्वतःला नापास समजते तिला मी आणखी एक परीक्षा लावली होती.

मग जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. रात्र कशी जाते?

मोबाईलवर चार गजर. अकरा, एक, तीन, पाच. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. सासूबाईंच्या अंगाखाली दुहेरी घडीची चादर आडवी घातलेली. तिची टोकं धरून आपल्याकडे ओढायचं, पाठीशी उशी लावायची, दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये, टाचा अधांतरी. मग बोटानं पाठ चाचपून बघायची, कुठं लाल झालंय का. हे त्यांनी मला माझ्या टेबलावर, रुमालाची घडी घालून, करून दाखवलं. दोन वर्षं. एकाही रात्री दोन तासांपेक्षा जास्त सलग झोप नाही. आणि बाई विचारते आहे की माळेच्या तिसऱ्या दशकात झोप का येते!

मी समुपदेशक आहे, फादर नाही. पण आमच्या लोकांत प्रार्थनेचं दुखणं आणि शरीराचं दुखणं इतकं एकमेकांत गुंतलेलं असतं की आधी झोप, भूक, रडू, जगायचा कंटाळा, हे सगळं विचारल्याशिवाय मी आध्यात्मिक बोलतच नाही. निदान बोलू नये. जगायचा कंटाळा दिवसेंदिवस हटत नसेल, तर नोव्हेनाबरोबर, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेबरोबर, डॉक्टरही लागतो. वहिनींचं तसं नव्हतं. गिऱ्हाइकांशी हसत होत्या, जेवत होत्या. थकल्या होत्या, एवढंच.

असं मला वाटलं, तिसऱ्या भेटीपर्यंत.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाबद्दल सांगत होते. पंधराव्या वर्षी मठात गेलेली आणि चोविसाव्या वर्षी वारलेली ही मुलगी प्रार्थनेत सर्रास पेंगायची, आणि म्हणायची, लेकरं झोपलेली असली म्हणून आईबापाला कमी प्यारी होतात थोडीच. एरवी ही गोष्ट ऐकून लोक हसतात. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "ती झोपायची ताई, पण तिनं माझ्यासारखं मागितलं नव्हतं."

गेल्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाईंची चादर दोनदा बदलावी लागली होती. नवरा रात्रपाळीला. तीनच्या गजराला वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "देवा, ने आता हिला. नाहीतर मला ने." मोठ्यानं म्हणाल्या. नंतर लक्षात आलं, सासूबाई जाग्या होत्या. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"तेव्हापासून माळ हातात घेतली की ते डोळे दिसतात," वहिनी म्हणाल्या. "मग झोप आली की बरंच वाटतं."

म्हणजे देव लांब गेलाच नव्हता. बाई तोंड लपवून बसली होती. पापांची यादी दर महिन्याला सांगत होत्या, पण त्या यादीत झोप होती, ही रात्र नव्हती. इतक्या वर्षांत मला हे पुष्कळदा दिसलं आहे. प्रार्थना सुकली असं माणूस म्हणतो तेव्हा कधी कधी एखादी गोष्ट सांगायची राहिलेली असते, आणि तिच्यावर पाय देऊन उभा राहून माणूस बाकीचं सगळं बोलत असतो. नेहमीच नव्हे, हेही सांगते. मदर तेरेसांनी जवळजवळ 50 वर्षं आतला अंधार सोसला, आणि त्यांनी काही लपवलं होतं म्हणून नव्हे. आपल्यापुढं बसलेल्या माणसाचं कोणतं, ते ऐकूनच ठरवावं लागतं.

मी बायबल काढलं आणि 88वं स्तोत्र त्यांनाच वाचायला दिलं. बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटून पाहिलं, पुढं काही आहे का म्हणून. "एवढंच?" म्हटलं, एवढंच. आणि हे चर्चनं गाळलेलं नाही, प्रार्थना म्हणूनच ठेवलं आहे. तुमच्या तीन वाजताच्या वाक्यालाही तिथं जागा आहे. ते देवालाच म्हणालात ना? शेजारणीला नाही.

त्या आठवड्यात त्यांनी फादरांकडे जाऊन ती रात्र सांगितली. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. प्रायश्चित्त काय मिळालं ते मात्र त्यांनी हसत हसत स्वतःहून सांगितलं: रविवारी दुपारी दोन तास झोपायचं, आणि तेवढा वेळ नवऱ्यानं आईजवळ बसायचं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कॅथलिक वाक्य तेच होतं. कारण "वहिनी, तुमची सेवा हीच प्रार्थना" असं त्यांना पॅरिशमध्ये, आमच्या चर्चच्या मंडळीत, दहा जणांनी सांगून झालं होतं. खोटं नाही ते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात प्रभू आजाऱ्याच्याच जागी उभा आहे. पण हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा हात झटकून घरी जातो, आणि चादर ओढायला बाई एकटीच उरते. मी नवऱ्याला बोलावून घेतलं. माणूस भला, फक्त कोणी सांगितलं नव्हतं. दिवसपाळीच्या आठवड्यात एक आणि तीनचे गजर त्यांच्या मोबाईलवर गेले.

आणखी काही गोष्टी वहिनींना माहीतच नव्हत्या, आणि असल्या गोष्टी आपण लोकांना का सांगत नाही हे मला कोडं आहे. आजाऱ्याला एकटं सोडून येता येत नसेल तर रविवारची मिस्सा चुकल्याचं पाप लागत नाही. कम्युनियनआधीचा, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घेण्याआधीचा, एक तासाचा उपवास आजाऱ्यांना नाही आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. वहिनी दोन वर्षं सासूबाईंना भरवता भरवता घास तोंडात गेला म्हणून कम्युनियन न घेता परत फिरत होत्या! आणि घरी कम्युनियन आणून द्या म्हणून सांगितलं की फादर किंवा सिस्टर येतात. आता महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतात. सासूबाईंबरोबर वहिनींनाही मिळतं.

वेळापत्रक मी फाडायला सांगितलं, पण पलीकडच्या पानावर मापं होती म्हणून त्यांनी नुसती काट मारली. त्याऐवजी एकच गोष्ट ठरली. गजर झाला की चादरीला हात लावण्याआधी सासूबाईंच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूसाची खूण करायची, मग आपल्या. शब्द आले तर आले. मठातली माणसं रात्री घंटेवर उठतात, तुम्ही मोबाईलवर उठता, असं मी म्हटलं खरं, पण ते त्यांना फारसं भावलं नाही. "त्यांना दुसऱ्या दिवशी ब्लाउज द्यायचे नसतात," म्हणाल्या. राणी मारियांचं मात्र भावलं. त्या उदयनगरला आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायला बँकेच्या कर्जाची कागदपत्रं करत फिरायच्या, हे मी सांगितलं तेव्हा वहिनी सरसावून बसल्या. त्यांना वाटत होतं, सिस्टर म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर. बँकेत रांग काय असते ते वहिनींना पक्कं माहीत आहे.

ऑगस्टात त्या परत आल्या. म्हणाल्या, माळ अजूनही पुरी होत नाही. पण एक झालंय.

माळेतली प्रार्थना घरी त्या मराठीत म्हणतात, "नमो मारिया", माहेरची सवय. सासूबाई इंदूरच्याच, त्यांची सगळी प्रार्थना चर्चमधल्या हिंदीत. एका रात्री पाचच्या गजराला, अर्धवट झोपेत, वहिनींच्या तोंडून हिंदी आलं: "प्रणाम मरिया, कृपापूर्ण, प्रभु तेरे साथ है..." अर्ध्यावर त्या थांबल्या, आणि पलंगावरून घोगरा, पण सलग आवाज आला: "प्रार्थना कर हम पापियों के लिए, अब और हमारे मरने के समय।" दोन वर्षांत दोन शब्दांपलीकडे न बोललेली बाई.

मी लगेच सांगितलं, याला चमत्कार म्हणून गावभर करू नका. झटक्यात बोलणं गेलेल्या कितीतरी माणसांना वर्षानुवर्षं पाठ असलेली प्रार्थना, गाणं, अंक म्हणता येतात. मनातलं बोलायची वाट बंद झाली तरी पाठांतराची वाट कधी कधी उघडी राहते. हे स्पीच थेरपिस्टना माहीत असतं, त्यांच्याकडे एकदा जरूर न्या. वहिनींनी मान हलवली. पत्ता लिहून घेतला, त्याच वहीत.

मग म्हणाल्या, "पण ताई, त्या रात्री मी 'ने हिला' म्हटलं होतं ना, ते त्यांनी ऐकलं होतं. आणि आता रोज त्याच माझ्याबरोबर म्हणतात, मरने के समय." थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. "आता नवीन पंचाईत झाली आहे. मी तिसऱ्या दशकात पेंगले की त्या डाव्या हातानं माझा पदर ओढतात. प्रार्थना पुरी करायला ओढतात की मला झोपायला पाठवायला, काही कळत नाही. विचारलं तर म्हणतात, नको."

त्यांना साडेचारला एक ब्लाउज द्यायचा होता. काज करायचे राहिले होते.