फिजिओ की ऑक्युपेशनल थेरपी? पसंतीक्रम भरण्याआधी

बारावीनंतर फिजिओथेरपी करायची ठरवलंयस, छान. पण ऑक्युपेशनल थेरपीला ‘नाहीच मिळालं तर’ म्हणून यादीत खाली ढकलू नकोस. अर्धांगवायूचा रुग्ण घे. त्याला उभं करणं, तोल सांभाळत चालवणं यात फिजिओचा मोठा वाटा. पण शर्टाची बटणं लावता यावीत, घास स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत न्यावा, यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट झटतो. मला तर हे काम जास्त चिकाटीचं वाटतं. आपल्याकडे त्याचं शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू केलं. कृत्रिम पाय, कॅलिपर (दुबळ्या पायाला बाहेरून आधार देणारं साधन) बनवण्यात मन रमणार असेल, तर प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची पदवीही बघ. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे ती शिकवतात.

महाराष्ट्रात या तिन्हींसाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. कॉलेजची इमारत बघून भुलू नकोस गं. स्वतःचं रुग्णालय आहे का, ओपीडीत रोज किती रुग्ण येतात, हे तिथल्या इंटर्नना विचार. आणि जमलं तर परवानगी काढून चार दिवस एखाद्या पुनर्वसन विभागात नुसती बसून ये. गुडघा वाकवताना कळवळणाऱ्या आजीशी थेरपिस्ट कशी बोलते, तेवढं नीट बघ.