हिरा शुद्ध आहे हो, पण मेडिक्लेमचं काय?

प्रश्न: वय 51, कल्याण, खासगी नोकरी. पाच वर्षांनी मुलीचं लग्न. सराफ म्हणतात, सहा लाखांचे ‘टाइप टू-ए’ हिरे घेऊन ठेवा, 99.95 टक्के शुद्ध कार्बन, प्रसिद्ध कलिनन हिऱ्याच्या जातीचे, दुप्पट होतील. 25 हजार टोकन दिलंय. गृहकर्जावर 9 टक्क्यांनी दहा वर्षांचं सहा लाखांचं टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, मंजूर आहे. हप्ता जमावा म्हणून 42 हजारांचा मेडिक्लेम यंदा भरला नाही, 8 तारखेला मुदत संपली. बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. व्हीव्हीएस प्रतीचे घेऊ की व्हीएस?

उत्तर: हिरे नंतर. आधी मेडिक्लेम भरा, आजच. मुदत संपल्यावरही विम्याचा वार्षिक हप्ता भरायला सहसा 30 दिवसांची सवलत असते. मधल्या दिवसांतलं आजारपण तुमच्या खिशातून जाईल, पण जुन्या वर्षांचे लाभ टिकतील. ते दिवस उलटले, की नव्या पॉलिसीत तुमचं बीपी ‘आधीपासूनचा आजार’ ठरणार आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागणार. तेही 51व्या वर्षी, कंपनीने घेतलं तर. शिवाय 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेलाय. 42 हजार हा त्याआधीचा आकडा असेल आणि कंपनीने दर वाढवला नसेल, तर साडेपस्तीस हजारांत काम होईल.

आणि वाचवलं किती? महिन्याला साडेतीन हजार. टॉप-अपचा हप्ता 7,600! लग्नाच्या दिवशीही साडेतीन लाखांवर कर्ज उरलेलं असेल.

आता हिरे. तुम्ही पाठवलेल्या सर्टिफिकेटच्या फोटोत खाली बारीक अक्षरांत ‘सीव्हीडी’ लिहिलंय, ते वाचलंत का? म्हणजे मिथेन आणि हायड्रोजन वायूतून यंत्रात काही आठवड्यांत वाढवलेला हिरा. खोटा नाही, कार्बनच आहे. टू-ए म्हणजे त्यात नायट्रोजन जवळपास नाही. खाणीतल्या हिऱ्यांत अशी जात एक-दोन टक्केच, 1905चा 3,106 कॅरटचा कलिनन त्यातलाच. पण सीव्हीडी हिरे बहुतेक सगळे टू-एच निघतात! सराफाने खाणीतली दुर्मिळता यंत्रातल्या मालाला चिकटवली. या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळलेत आणि यंत्रं वाढतायत. दुप्पट कुठून होणार?

व्हीव्हीएस-व्हीएस हा वेगळाच हिशेब, दहापट भिंगाखाली आतले डाग किती दिसतात याचा. विकताना तो फरक तुम्हाला कोणी मोजून देणार नाही. बायबॅक, म्हणजे सराफ हिरे परत कसे घेणार ते, लेखी मागा. बहुधा ‘त्याच दुकानात, त्या दिवसाच्या भावाने, बदल्यात दागिना’ असं निघेल.

टॉप-अप उचलू नका. टोकन परत देत नसतील तर त्यात मुलीला कानातली कुडी घ्या. 7,600 भरायची तयारी होतीच, तर तेच पाच वर्षं आवर्ती ठेवीत टाका; व्याजासकट पाच लाखांच्या वर जमतील.