जादा तास: पिकअप शेडवरचा खासदार

गेल्या अंकात ग्रामपंचायतीवर लिहिलं, तर पत्रं आली संसदेवर. असो. वर्गातही हेच व्हायचं. ज्यांनी ज्यांनी उत्तरासाठी पाकीट जोडलंय त्यांची क्षमा मागतो, सगळ्यांना एकदमच इथे उत्तर देतोय.

प्रश्न: गुरुजी, आमच्या गावात नवीन पिकअप शेड झालं. वर पाटी आहे, 'मा. खासदार (राज्यसभा) यांच्या स्थानिक विकास निधीतून'. हे नाव आम्ही कधी मतदान यंत्रावर बघितलेलं नाही. आमचे खासदार वेगळेच आहेत. मग हे कुणाचे खासदार? एका गावाला दोन-दोन असतात का?
(एक वाचक, शिराळा तालुका, जि. सांगली)

दोन नव्हे, तुम्हाला वीस आहेत. जरा दमानं सांगतो.

तुमचा लोकसभेचा खासदार एक. तुम्ही राहता सांगली जिल्ह्यात, पण मत देता हातकणंगले मतदारसंघात. २००८ च्या फेररचनेत जुना इचलकरंजी मतदारसंघ गेला, हातकणंगले आला, आणि त्यात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ यांच्या जोडीला तुमचं शिराळा आणि इस्लामपूर आलं. म्हणजे कलेक्टर सांगलीचे आणि खासदार कोल्हापूरकडचा. लोकसभेला जिल्ह्याची हद्द लागत नाही, विधानसभेचे मतदारसंघ लागतात. आपल्या राज्यात सहा आमदारांच्या क्षेत्राचा मिळून एक खासदार. महाराष्ट्रात असे ४८, देशात ५४३.

राज्यसभेच्या खासदाराला मात्र मतदारसंघच नाही. त्याचा मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य. महाराष्ट्राचे असे १९ आहेत, आणि ते गडचिरोलीचे जेवढे तेवढेच तुमचे. खासदार निधी दोघांनाही वर्षाला ५ कोटींचा, पण लोकसभेवाल्यानं कामं सुचवायची ती मुख्यतः आपल्या मतदारसंघातली, आणि राज्यसभेवाल्याला राज्यातला कुठलाही जिल्हा चालतो. त्यांच्या मनात तुमचं गाव आलं, तुमचं शेड झालं. का आलं, ते गावातल्या पुढाऱ्यांना विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यांना निवडलं कुणी? विधानसभेच्या २८८ आमदारांनी, आणि त्यात तुमच्या शिराळ्याचे आमदारही आले. मी सात निवडणुकांना मतदान केंद्रावर ड्युटी केलीय. लोक शाई लावून घेतात, १७-अ च्या वहीत सही किंवा अंगठा करतात, बटण दाबतात, आणि जाताना विचारतात, "झालं का गुरुजी?" विधानसभेच्या दिवशी मला दर वेळी म्हणावंसं वाटायचं, की बाबा, अर्धंच झालं. तू आत्ता आमदार निवडलास, तोच पुढं दिल्लीच्या राज्यसभेसाठीही तुझ्या वतीनं मत टाकणार आहे. अर्थात ड्युटीवर तोंड उघडायची सोय नसते.

प्रश्न: २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती आणि धनंजय महाडिकांना २७. तरी महाडिक निवडून आले. हे गणित मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.
(एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर)

तुम्ही बावड्याचे, उमेदवार दोघेही कोल्हापूरचे (पवार शिवसेनेचे, महाडिक भाजपचे तिसरे), तेव्हा प्रश्न चार वर्षं का छळतोय ते कळतं. कागद-पेन्सिल घ्या.

या निवडणुकीत बटण नसतं. मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. जागा होत्या ६, उमेदवार ७. मतं मोजायला घेतली तेव्हा वैध ठरली २८४. इथं एका मताची किंमत १०० धरतात, म्हणजे २८,४००. त्याला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे ७ ने भागा: ४०५७ आणि काही अपूर्णांक. अपूर्णांक सोडा, एक मिळवा. ४०५८. हा झाला कोटा. साध्या भाषेत ४१ आमदार हाताशी असले की माणूस निवडून आला.

भाजपनं आपल्या पहिल्या दोघांना, पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना, ४८-४८ मतं दिली. प्रत्येकी ४८०० झाले, लागत होते ४०५८. उरलेले ७४२ वाया जात नाहीत, तीच गंमत आहे. ते त्या ४८ मतपत्रिकांवर वाटले की एका पत्रिकेला साधारण १५ येतात, आणि तेवढी किंमत त्या आमदारानं ज्याच्यापुढे २ लिहिलंय त्याच्याकडे जाते. दोघांच्या मिळून ९६ पत्रिका, ९६ गुणिले १५ म्हणजे १४४०. बहुतेकांची दुसरी पसंती महाडिकच असणार. त्यांचे स्वतःचे २७००, त्यात हे १४४०, झाले ४१४०. कोटा पार. पवारांचे ३३००, पण त्यांच्याकडे वाहून यायला वरच्या विहिरीत तेवढं पाणीच नव्हतं. शिवसेनेच्या मित्रपक्षांकडे आपापला उमेदवार निवडून आणल्यावर फारसं काही उरलंच नव्हतं. निकाल पहाटे लागला. मी जागा होतो, सौभाग्यवती रागावल्या होत्या.

या आकडे लिहिण्याशी माझं जुनं नातं आहे. विधानपरिषदेच्या शिक्षक मतदारसंघात आम्ही मास्तर लोक असंच मत देतो. (विधानपरिषद म्हणजे राज्यसभा नव्हे. निम्मी पत्रं तिथेच घसरलीत. ती मुंबईतली, ही दिल्लीतली.) पहिल्यांदा मत द्यायला गेलो तेव्हा टेबलावर दोऱ्यानं बांधलेलं जांभळ्या शाईचं पेन होतं. त्याच पेनानं लिहायचं असतं. मी आत गेलो, पडद्याआड वाकलो, आणि वीस वर्षांच्या सवयीनं हात गेला तो खिशाकडे. निळ्या बॉलपेननं सुबक १ काढला, वहीत शेरा मारल्यासारखा. पेटीत टाकला. जिन्यात आल्यावर आठवलं. वर्गात मतदानावर धडा शिकवणाऱ्या माणसाचं मत बाद, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नाही. पुढे २०१६ मध्ये हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत डझनभर आमदारांची मतं चुकीच्या पेनापायी बाद झाली आणि निकालच फिरला, तेव्हा सगळा देश हसला. मी हसलो नाही.

प्रश्न: गोव्याला लोकसभेत २ आणि राज्यसभेत १ जागा. उत्तर प्रदेशला ८० आणि ३१. सगळीकडे लोकसंख्याच मोजायची तर तिला 'राज्यांची सभा' कशाला म्हणायचं?
(एक वाचक, फोंडा, गोवा)

चांगलं पकडलंत. अमेरिकेत सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, राज्य केवढंही असो. आपण तसं केलं नाही. तरी थोडी भागाकाराची मेहनत घ्या. लोकसभेच्या ५४३ मध्ये गोव्याचे २, म्हणजे शेकडा ०.३७. राज्यसभेच्या निवडून येणाऱ्या २३३ मध्ये १, म्हणजे शेकडा ०.४३. उत्तर प्रदेशचं उलट: लोकसभेत शेकडा १४.७, राज्यसभेत १३.३. तराजू लहान राज्याकडे झुकतो, पण गुंजभरच. आणि ही एक जागा तरी तुम्हाला मिळाली ती १९८७ मध्ये, राज्य झाल्यावर.

मला स्वतःला संख्येपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. पूर्वी ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं, त्या राज्यातला मतदार असावं लागे. २००३ मध्ये कायदा बदलला. आता भारतात कुठंही मतदार यादीत नाव असलं की पुरे. सर्वोच्च न्यायालयानंही २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. वैध असेल, पण पटत नाही. पळवाट आधीही होतीच. मनमोहन सिंग १९९१ पासून आसामचे खासदार होते ते गुवाहाटीतल्या पत्त्यावर. पण निदान पत्ता तरी द्यावा लागत होता! गोव्याच्या ४० आमदारांपैकी २१ जणांनी ठरवलं तर तुमची एकुलती एक जागा मांडवी कधी न पाहिलेल्या माणसाला जाऊ शकते. तुमच्या 'राज्यांची सभा कशाला' या प्रश्नाचं बोट खरं तर इथं ठेवायला हवं.

प्रश्न: सर, पुस्तकात लिहिलंय राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. म्हणजे ते खासदार कायमचे असतात का?
(इयत्ता ९ वी, बार्शी)

नाही गं बाळ. सभा कायम, माणसं नाहीत. प्रत्येकाला ६ वर्षं मिळतात, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक निवृत्त होऊन त्यांच्या जागी नवे येतात. तुमच्या शाळेसारखंच. दरवर्षी दहावीचा वर्ग जातो, पाचवीचा येतो, शाळा काही रिकामी होत नाही.

आता तुझ्या मनात येईल की १९५२ मध्ये तर सगळे एकदमच आले असतील, मग दोन वर्षांनी कोण गेलं? हे मला एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं आणि मला येत नव्हतं. घरी जाऊन शोधलं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या! कुणाला दोन वर्षं, कुणाला चार, कुणाला पुरती सहा, ते चिठ्ठीवर ठरलं. लोकसभा मात्र पाच वर्षांची, आणि त्याआधीही ती विसर्जित होऊ शकते.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो. माझं स्पष्ट मत आहे की राज्यसभा म्हणजे निवडणूक हरलेल्यांची सोय आणि चांगल्या कायद्यांना खीळ. बंद केली तर काय बिघडेल?
(एक वाचक, डोंबिवली)

हरलेल्यांची सोय, हे खरं आहे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून एक उमेदवार पडले आणि राज्यसभेत गेले. त्यांचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सोय झाली ती कुणाची, हे तुम्हीच ठरवा. पण दरवेळी बाबासाहेब जात नाहीत, एवढं तुमचं म्हणणं मान्य.

खिळीचं म्हणाल तर ती फार आखूड आहे. पैशाचं विधेयक, ज्याला धन विधेयक म्हणतात, ते राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवू शकते. सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेनं केराच्या टोपलीत टाकल्या तरी चालतं. म्हणूनच सरकारांना विधेयकावर 'धन' असा शिक्का मारायचा मोह होतो. २०१६ चं आधार विधेयक तसंच नेलं. राज्यसभेनं दुरुस्त्या केल्या, लोकसभेनं नाकारल्या, झाला कायदा. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहं अडून बसली तर संयुक्त बैठक. ती आजवर तीनदाच झाली: १९६१ ला हुंडाबंदी, २००२ ला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा, आणि १९७८ ला बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक. तुम्ही बँकेतले, हे तिसरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठक नाही. तिथं राज्यसभेचं दार वेगळं ठोठवावंच लागतं. याची गोष्ट आमच्याकडे म्हातारी माणसं सांगायची. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा देशभरच्या संस्थानिकांसारखाच इथल्या महाराजांनाही तनखा, म्हणजे सरकारकडून दरसाल ठरलेली रक्कम, होता. १९७० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं तनखे बंद करायची घटनादुरुस्ती आणली. लोकसभेत पास झाली. ५ सप्टेंबरला राज्यसभेत मतदान झालं: बाजूनं १४९, विरोधात ७५. मत देणारे २२४, त्यांचे दोन तृतीयांश काढा. येतात १४९ पूर्णांक एक तृतीयांश. एक तृतीयांश माणूस कमी पडला! हे उदाहरण मी फळ्यावर सोडवायचो तेव्हा नेहमी एखादा पोरगा म्हणायचा, "सर, मग १४९ च धरायचे की." नाही धरत. विधेयक पडलं. तनखे गेले ते पुढच्या वर्षी, मधे निवडणूक होऊन, सरकार मोठं बहुमत घेऊन आल्यावर, २६ व्या घटनादुरुस्तीनं.

तनखे जायला हवे होते असंच माझंही मत. तरी पण एवढी मोठी गोष्ट लोकांना एकदा विचारून झाली, हे मला बरं वाटतं. तुम्हाला तो एक वर्षाचा खोळंबा वाटेल. बँकेतसुद्धा मोठ्या रकमेच्या चेकवर दोन सह्या लागायच्या ना?

प्रश्न: राज्यसभेच्या मतदानात 'नोटा' असतो का?
(पोस्टकार्ड, नाव-गाव नाही)

नाही. काही काळ होता, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काढायला लावला. आणि आमदाराला आपली मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, तेव्हा असता तरी वापरायची छाती कितीजणांची झाली असती, शंकाच आहे.

शिराळ्याच्या वाचकांना एक विनंती: त्या शेडवर कामाची रक्कम आणि वर्षही लिहिलेलं असेल, तर पुढच्या पत्रात कळवा.