वाचकांचे प्रश्न : आधी संसार, मग प्रेम

प्रश्न : ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ हा इंग्रजी दूरचित्रवाणीपट नुकताच आम्ही घरी पाहिला. नवऱ्याला पुरले त्याच दिवशी एक अनोळखी माणूस लग्नाची मागणी घालतो आणि ती तरुण विधवा होकार देते, हे मला मुळीच पटले नाही. सासूबाईंना मात्र त्यात काहीच वावगे वाटले नाही. असे खरोखर घडत असे, की ही पटकथेची सोय आहे? शिवाय पुढचे भाग कोणत्या क्रमाने पाहावेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सोय आहेच, पण ती अगदीच हवेतली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या माणसांची ही गोष्ट. 1862 च्या होमस्टेड कायद्याने तेथे 160 एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली, मात्र ती नावावर होण्यासाठी घर बांधून पाच वर्षे कसावी लागे. कुटुंबप्रमुख या नात्याने विधवेलाही असा अर्ज करता येई. म्हणजे एकट्या बाईच्या आड येई तो कायदा नव्हे, हिवाळा. चित्रपटातल्या त्या तरुण विधवेला, मार्टीला, धड घर नाही, पोटात मूल आहे हे तिला पुढे कळते, आणि पूर्वेकडे परतणारा गाड्यांचा तांडा निघायचा तो वसंतात. क्लार्क हा विधुर तिच्यापुढे चक्क व्यवहार मांडतो : तोवर माझ्या मुलीची, मिसीची, आई हो, मग परतीचा खर्च मी करीन. लग्न झाल्यावर तो स्वतः गोठ्यात झोपतो. आपल्याकडेही बिजवराच्या घरात आलेली नवरी पहिल्याच दिवशी कुणाची तरी आई होत असे, त्यामुळे सासूबाईंना हे ओळखीचे वाटले असावे. फक्त त्या नवरीला परत जाण्याची मुभा कोणी देऊ केलेली नसे.

मूळ कादंबरी कॅनडाच्या जॅनेट ओक यांची, 1979 मधली. तीत मिसी अगदी लहान आहे. 2003 मध्ये हॉलमार्क वाहिनीसाठी चित्रपट करताना ती मोठी, कळत्या वयाची केली गेली, आणि माझ्या मते चित्रपट तरतो तो या बदलामुळे. क्लार्क इतका सालस आहे की त्याच्याशी भांडण होणेच शक्य नाही (हा मला पात्ररचनेतला दोषच वाटतो), त्यामुळे नव्या संसारातली सगळी कुरबुर त्या मुलीच्या वाट्याला येते. त्यातही एक प्रसंग लक्षात राहतो. देवाने माझा नवरा का नेला, या मार्टीच्या दुःखावर क्लार्क प्रवचन न देता एवढेच सांगतो की मी शेजारून चालत असतानाही मिसी पडू शकते, पण म्हणून तिच्यावर माझी माया नाही असे होत नाही. मार्टीची भूमिका करणाऱ्या कॅथरीन हायगल यांनी येथे फार काही न बोलता नुसते ऐकले आहे, आणि माझ्या मते या नवराबायकोतला पहिला जिव्हाळा तेथेच दिसतो.

क्रमाविषयी : यानंतर 2004 चा ‘लव्ह्ज एन्ड्युअरिंग प्रॉमिस’ पाहावा. त्यात मिसी तरुण झाली असून ती भूमिका जॅन्युअरी जोन्स यांनी केली आहे. क्लार्कच्या पहिल्या लग्नाची गोष्ट सांगणारा ‘लव्ह बिगिन्स’ 2011 मध्ये आला. कालानुक्रमाने तो आधीचा असला तरी शेवटी पाहिलेला बरा, कारण त्यातील पत्नीचे पुढे काय होते हे आपल्याला ठाऊक असण्यातच त्याची गोडी आहे.